संमतीचा समोसा

कुरिअरवाल्याने पुढे केलेल्या कागदावर नाना धुरींनी सही केली, सहीपुढे बारीक अक्षरात 'पाकीट एका कोपऱ्यात फाटलेले' असं लिहिलं, तारीख टाकली आणि मगच पाकिटाला हात लावला. कुरिअरवाल्याने तोवर बॅगेतलं पुढचं पाकीट शोधून ठेवलं. पंतनगरातल्या त्या बिल्डिंगमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना तिसऱ्या मजल्यावरचे नाना ठाऊक होते. गॅसवाल्याच्या पावतीवर ते 'सील ढिले' लिहीत. नातीच्या प्रगतिपुस्तकावर एकदा त्यांनी सहीशेजारी 'गणिताची बेरीज चार गुणांनी चुकली आहे' असं लिहून पाठवलं होतं, आणि शाळेला ती बेरीज मुकाट्याने सुधारावी लागली होती.

आजचं पाकीट त्याच शाळेच्या वकिलांकडून आलं होतं. आत बत्तीस पानं. सून सपना ऑफिसला निघायच्या गडबडीत होती. तिने उभ्याउभ्याच पानं उलटली, सतराव्या पानावर थांबली आणि पर्स खाली ठेवून खुर्चीत बसली.

"नाना, हे काय केलंत तुम्ही?"

"मी काय केलंय?"

"फीवाढीला संमती देणाऱ्या पालकांची यादी आहे ही. एकशे शहाऐंशी जण. पहिलंच नाव नारायण विठ्ठल धुरी. पाल्य मानसी, सातवी ब, म्हणजे गेल्या वर्षीचा वर्ग. पुढे सही."

"माझा नाव? पयला?" नानांनी कागद तिच्या हातातून ओढून घेतला. यादी टाइप केलेली होती, सहीच्या जागीही नुसतं 'सही/-' असं टाइप केलेलं. नाव, इयत्ता, सही. नाव, इयत्ता, सही. पहिलं नाव त्यांचंच होतं, आणि दोनदा वाचूनही ते बदललं नाही.

प्रकरण जूनपासून चालू होतं. सुवर्णशलाका हायस्कूलने यंदा फी एकदम तीस टक्क्यांनी वाढवली. कायदा म्हणतो, फी वाढवायची तर पालकांच्या प्रतिनिधींना विचारा. शाळेने कुणाला विचारलं नाही, थेट एसेमेस पाठवला. पालकांनी सरकारच्या फी समितीकडे तक्रार केली, आणि ही बत्तीस पानं म्हणजे शाळेचं उत्तर होतं. त्यात मुद्दे दोनच. पहिला असा की, आमची संस्था भाषिक अल्पसंख्याकांची आहे, आमची शाळा आमच्या मर्जीने चालवायचा हक्क आम्हाला घटनेने दिला आहे, सबब हा कायदा आम्हाला लागू नाही आणि तो वाद वरच्या कोर्टात चालू आहे. दुसरा असा की, कायदा लागू आहे असं घटकाभर धरून चाललं, तरी पालकांनी फेब्रुवारीतल्या पालकसभेत वाढीला संमती दिलेलीच आहे.

"म्हणजे आम्ही चोरी करूक नाय, आणि केली तर तुमका विचारून केली," नाना म्हणाले. एरवी सपना हसली असती.

ज्या भाषेसाठी ही शाळा साठ वर्षांपूर्वी निघाली, ती बोलणारी मुलं आता अकरा उरली होती, आणि त्यांतली दोन ट्रस्टींची नातवंडं. बाकी शाळा पंतनगर, कामराजनगर, भटवाडीच्या मुलांनी भरलेली. त्यांच्यातल्या ज्यांनी वाढीव रक्कम भरली नाही, त्या चाळीसेक मुलांना जूनपासून वर्गात न घेता लायब्ररीत बसवत होते. मानसी त्यांत होती. लायब्ररीत वाचण्यासारखं पुस्तक एकच, नकाशांचं. त्यामुळे पोरीला बुर्किना फासोची राजधानी तोंडपाठ होती आणि बीजगणिताचा पहिला धडा अजून माहीत नव्हता. दिवाळीपर्यंत पैसे भरले नाहीत तर नाव कमी करू, असंही शाळेने कळवलं होतं.

नानांना मात्र या क्षणी फीपेक्षा सही जास्त झोंबली. परळच्या गिरणीत त्यांनी तीस वर्षं काढली, त्यातली अठरा युनियनचे खात्याचे प्रतिनिधी म्हणून. 'न वाचता सही करणारा आणि दार उघडं टाकून झोपणारा, दोघांनी चोराला नावं ठेवू नयेत' हे वाक्य त्यांनी मुलाला, सुनेला, शेजाऱ्यांना आणि एकदा बँकेच्या मॅनेजरलाही ऐकवलेलं होतं. आता एकोणऐंशीव्या वर्षी त्यांचं दार सताड उघडं निघालं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात संघमित्रा तायडे उभी होती, हातात तशीच बत्तीस पानं. संघमित्रा स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. तिची मुलगीही लायब्ररीत मानसीच्या शेजारी बसते. पालकांना गोळा करून तक्रार तिनेच केली होती, आणि तक्रारीतला सगळ्यांत वयोवृद्ध व सगळ्यांत मोठ्या आवाजाचा पाठिंबा नानांचा होता.

"नाना, वाट लावलीत तुम्ही आमची! तक्रारीतपण पहिलं नाव तुमचं आणि संमतीतपण पहिलं तुमचंच?"

"मी संमती देवक नाय गो."

"मग ही सही कोणाची? भुताची?"

"सही माझीच आसतली," नाना खालच्या आवाजात म्हणाले. "पण ती समोशाची."

मग सगळा उलगडा झाला. फेब्रुवारीच्या पालकसभेला सपनाला सुट्टी मिळाली नाही म्हणून नाना गेले होते. संघमित्रा ड्युटीवर होती. आदल्या वर्षी काही पालकांनी खाऊचे तीन-तीन डबे उचलले होते, म्हणून यंदा शाळेने दारात रजिस्टर ठेवलं होतं. सही करा, समोशाचा डबा घ्या. नाना गिरणीच्या सवयीने अर्धा तास आधी पोचले, त्यामुळे पहिली सही त्यांची. सभेत फीचा विषयच निघाला नाही. स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ दाखवला, राष्ट्रगीत झालं आणि सगळे घरी गेले.

"म्हणजे समोशाच्या रजिस्टरला संमतीचा कागद जोडला त्यांनी," सपना म्हणाली.

"ते तुम्हीआम्ही म्हणणार. समितीपुढे काय दाखवणार? पोटातला समोसा?" संघमित्रा म्हणाली. "सात महिने झाले, नाना."

संध्याकाळपर्यंत यादी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचली. ज्यांची नावं यादीत होती ते सगळे एकमेकांना 'तू कशाला सही केलीस' म्हणून विचारू लागले, आणि सगळ्यांचं उत्तर एकच आलं: पुढच्याने केली म्हणून. असं पुढे पुढे सरकत प्रकरण अर्थातच पहिल्या नावावर येऊन थांबलं. ग्रुपवर कुणीतरी नानांच्या फोटोखाली 'नाना समोसा' लिहिलं. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापाशी दोन बायका त्यांच्याकडे बघून गप्प झाल्या. गिरणीच्या फाटकावर पोलिसांची लाठी खाल्लेला माणूस, पण त्या गप्प होण्याने नाना जितके दुखावले तितके लाठीने दुखावले नव्हते. रात्री मानसीने विचारलं, "नाना, माझं शाळेतलं नाव खरंच तुमच्यामुळे कटणार?" नाना जेवणावरून उठले.

पण युनियनचा माणूस फार काळ बसून राहत नाही. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते शाळेच्या ऑफिसात हजर झाले. वाटेत त्यांनी एक समोसा बांधून घेतला होता. तो त्यांनी शाळेचे मॅनेजर अनिरुद्ध सर यांच्या टेबलावर ठेवला.

"ह्यो तुमचो समोसो. माका माझी सही परत होयी."

अनिरुद्ध सर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी समोशाखाली सरकवायला एक जुनी प्रश्नपत्रिका शोधली. "नाना, असं कसं परत देणार? रेकॉर्डवर आहे ना ते. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लेखी द्या."

इथे नानांचे डोळे चमकले. लेखी म्हणजे त्यांचं मैदान. घरी येऊन त्यांनी मानसीकडून फोनवर अर्ज टाइप करून घेतला, 'फीवाढीस दिलेली माझी संमती मी या पत्राने मागे घेत आहे', आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून शंभर प्रती काढल्या. चार दिवस ते जिने चढत-उतरत होते. ज्या बायका गप्प झाल्या होत्या त्यांच्याही दारात गेले. एकूण चौसष्ट पालकांनी अर्ज भरले. नाना ते घेऊन पुन्हा अनिरुद्ध सरांकडे गेले. सरांनी चहा मागवला, आणि प्रत्येक अर्जावर हसतमुखाने 'मिळाला' असा शिक्का मारून दिला. चौसष्ट शिक्के मारताना त्यांचा चेहरा एकदाही त्रासला नाही. तेव्हाच नानांना संशय यायला हवा होता, पण ते विजयाच्या धुंदीत होते.

संघमित्राने अर्जाची प्रत वाचली आणि कपाळाला हात लावला.

"नाना, 'दिलेली संमती' असं कशाला लिहिलं?"

"मगे काय लिवचा? मागे घेवची म्हणजे..."

"मागे घ्यायची म्हणजे आधी दिलेली पाहिजे ना! आत्तापर्यंत आपण म्हणत होतो की दिलीच नाही. आता तुम्ही चौसष्ट जणांकडून लिहून आणलंत की दिली होती. वर शाळेचा शिक्कापण घेतलात!"

नानांनी तिच्या हातातली प्रत घेऊन तो शब्द पुन्हा वाचला. मग म्हणाले, "संघमित्रा, त्या सुनावणीत माका पण येवचा हा."

"तुम्ही नकाच येऊ."

"मी येतंय," नाना म्हणाले. "वाट मी लावलंय, तर वाटेवर मीच उभो ऱ्हवतलंय."

सुनावणीच्या दिवशी समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. मधोमध अध्यक्षबाई बसल्या होत्या, निवृत्त न्यायाधीश, पांढरे केस, नाकावर सोनेरी काडीचा चष्मा. एका बाजूला शाळेचे वकील आणि अनिरुद्ध सर, दुसऱ्या बाजूला संघमित्रा, सपना, नाना आणि अर्धी सुट्टी टाकून आलेले वीसेक पालक.

वकिलांनी सुरुवात अल्पसंख्याकांच्या हक्कांपासून केली. ते पंचवीस मिनिटं घटनेवर बोलले. छान बोलले. शेवटी पालकांकडे वळून म्हणाले, "या मंडळींनी एकदा घटना वाचावी, एवढीच विनंती."

संघमित्रा ताडकन उठली. "साहेब, घटना आम्हाला नका शिकवू. ती आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी आहे. आणि अल्पसंख्याक म्हणाल तर मीपण आहे. बौद्ध. दाखला आणलाय. तुमचा हक्क तुम्हाला लखलाभ, शंभर शाळा काढा, आमचं काही म्हणणं नाही. पण हक्क घटनेचा आणि त्याच्या जोरावर माझ्या पोरीला लायब्ररीत बसवायचं, हे कुठल्या पानावर आहे ते सांगा. मी घरी जाऊन वाचते."

मागच्या पालकांनी बाकं वाजवली. अध्यक्षबाईंनी हात वर केला. "कायदा लागू आहे की नाही, ते वरचं कोर्ट ठरवेल. मी इथे फक्त एवढंच बघणार की संमती झाली होती का."

"झाली होती, मॅडम," वकील म्हणाले. "एकशे शहाऐंशी सह्यांची यादी जोडलेली आहे. आणि आता तर चौसष्ट पालकांनी स्वतः लिहून दिलंय की संमती दिली होती, ती मागे घेतो. वर त्यांचं नेतृत्व यादीतल्या क्रमांक एकनेच केलंय." त्यांनी नानांकडे बघून मान लववली. बाकं वाजवणारे हात थांबले. सपनाने खाली बघितलं. वीस माणसं आपल्याकडे बघतायत हे नानांना मान न वळवताही कळलं.

नाना उठले. गुडघा कुरकुरला, पण आवाज गिरणीतलाच होता.

"बाई, ही टाइप केलेली यादी हा. मालकाची नक्कल आम्ही कधी मानूक नाय. असल कागद हाडा म्हणा."

"म्हणजे मूळ रजिस्टर," सपनाने घाईने समजावलं.

"आणलंय ना," अनिरुद्ध सर म्हणाले आणि त्यांनी बॅगेतून रजिस्टर काढून अभिमानाने टेबलावर ठेवलं. अभिमान खरा होता. शाळेत ते रजिस्टर नीट वाचून बघायची गरज कुणालाच वाटली नव्हती. कारकुनाने त्यातून सांगितल्याप्रमाणे नावं आणि इयत्ता उतरवून घेतल्या, वकिलांनी आकडा बघितला, आणि आकडा चांगला होता.

अध्यक्षबाईंनी पहिलं पान उघडलं. "हा वरचा 'आम्ही फीवाढीस संमती देतो' असा कागद नवाकोरा दिसतो. नंतर पिनेने लावलाय का?"

"ते... फाइलिंगसाठी, मॅडम."

बाईंनी तो कागद बाजूला केला. खाली रजिस्टरचं जुनं रेघारेघांचं पान होतं. नाव, इयत्ता, सही, आणि शेवटी आपल्याकडच्या प्रत्येक रजिस्टरात असतो तसा एक रकाना: शेरा. बाईंनी चष्मा सारखा केला. मग कागद डोळ्यांजवळ नेला. मग त्या म्हणाल्या, "धुरी कोण? आपण? हे अक्षर आपलंच?"

"बघतंय," म्हणून नाना पुढे गेले आणि वाकले.

शेऱ्याच्या रकान्यात बारीक, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: 'एक समोसा मिळाला. थंड आहे. चटणी नाही.' पुढे तारीख.

नानांना खरोखर आठवत नव्हतं. जेवल्यावर चूळ भरली हे कुणाच्या लक्षात राहतं? गिरणीत एकदा त्यांनी हजेरीपत्रकावर शेरा कोरा सोडला होता, तर मॅनेजरने त्यात 'स्वखुशीने बिनपगारी रजा' लिहून टाकलं होतं. त्या दिवसापासून नानांच्या हातून एकही रकाना कोरा सुटला नव्हता.

"पुढे वाचते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "क्रमांक दोन: वरीलप्रमाणे. तीन: वरीलप्रमाणे. चार: वरीलप्रमाणे..." त्यांनी पान उलटलं. मग आणखी एक. आपल्याकडे माणूस फॉर्म वाचत नाही, वरच्याने काय लिहिलंय ते वाचतो आणि तेच खाली ओढतो. ज्यांना 'वरीलप्रमाणे' लिहायचा कंटाळा आला होता त्यांनी नुसत्या दोन रेघा मारल्या होत्या. कुणी 'दोन समोसे, बाकी वरीलप्रमाणे' एवढी सुधारणा केली होती. पानामागून पान, संमती कुठेच नव्हती. एकमत होतं, पण ते समोशाबद्दल होतं.

वकिलांनी रजिस्टर पाहिलं, अनिरुद्ध सरांकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "मॅडम, शेऱ्याचा रकाना गौण आहे. त्याला महत्त्व देऊ नये."

"गौण आसा तर छापलास कित्याक?" नानांनी विचारलं.

अध्यक्षबाई अजून वाचत होत्या. आठव्या पानावर त्या थबकल्या. "इथे एकाने लिहिलंय, 'चटणी आहे, पण आंबट.' आणि त्यानंतर सगळे पुन्हा वरीलप्रमाणे. म्हणजे आधीच्या लोकांना चटणी मिळाली नाही आणि आठव्या पानापासून मिळाली? हे कसं?"

"हो मॅडम," अनिरुद्ध सर सरळपणाने म्हणाले, "चटणीचा डबा त्या दिवशी उशिरा आला होता."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. अनिरुद्ध सरांना आपण काय बोललो ते दोन सेकंदांनी कळलं.

"चटणीचा डबा उशिरा आला होता," अध्यक्षबाईंनी सावकाश लिहून घेतलं. "आणि ही चौसष्ट पत्रं म्हणताय ना? जी संमती नव्हतीच, ती या लोकांनी मागे घेतली. त्यात बिघडलं काय?"

वरच्या कोर्टातला वाद अजून चालू आहे आणि तो काय लागायचा तो लागेल. पण त्या दिवशी समितीने लिहून दिलं की ही संमती नव्हे, तोवर फी जुनीच, आणि मुलं उद्यापासून वर्गात. मानसी वर्गात गेली. बीजगणितात ती अजून मागे आहे, पण भूगोलाच्या बाई तिला घाबरतात. ग्रुपवरचा 'नाना समोसा' काही गेला नाही. फक्त आता लोक तो मान देऊन म्हणतात, आणि भाजीवाल्यापाशी नानांना आधी माल मिळतो.

डिसेंबरात पुन्हा पालकसभा झाली. सपनाला या वेळी सुट्टी मिळत होती, पण नाना म्हणाले, "तू ऱ्हव. मीच जातंय." अर्धा तास आधी पोचून ते रांगेत पहिले उभे राहिले. त्यांच्यामागे संघमित्रा. दारात अनिरुद्ध सर स्वतः बसले होते. समोसे गरम होते, वाफ निघत होती, चटणी लाल आणि हिरवी अशी दोन तऱ्हांची होती. रजिस्टरही नवंकोरं होतं. नाव, इयत्ता, सही. बस्स. त्यापुढे कागद कोरा पांढरा.

नानांनी सही केली. मग समोशाच्या डब्याचं झाकण काढलं, त्याची कड पट्टीसारखी कागदावर धरली आणि वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"नाना, अहो, रकाना नाहीये त्यात," अनिरुद्ध सर कळवळून म्हणाले.

"म्हायत आसा. म्हणानच आखतंय."

रेघेच्या पलीकडे वर त्यांनी 'शेरा' असं ठळक लिहिलं. खाली लिहिलं, 'समोसा गरम. चटणी दोन्ही मिळाल्या. फीवाढ मान्य नाही.' तारीख टाकली आणि पेन मागे दिलं.

संघमित्राने सही केली, नानांनी आखलेल्या रकान्यात बोट ठेवून वरची ओळ नीट वाचली, आणि खाली लिहिलं, 'वरीलप्रमाणे.'